ओढता येतं, पण आवरता येतं का?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे. कॅलेंडर काहीही म्हणो, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत उन्हाळा सुरू होतो तो याच सुट्टीला. मिशिगनच्या हायवेवर त्या दिवसांत जिकडेतिकडे एकच वरात दिसते. पुढे पिकअप ट्रक, मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर बोट. राज्यात ११ हजारांहून जास्त तळी आहेत, शिवाय पाच महासरोवरांपैकी चारांचा किनारा लाभलेला. त्यामुळे इथे बोट ही श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू नाही. शिक्षक, सुतार, कारखान्यातले कामगार, सगळ्यांच्या अंगणात ती दिसते. डेट्रॉइटच्या आसपास मोटार उद्योगात नोकरी करणारी मराठी कुटुंबंही बरीच आहेत. घर होतं, मुलं पोहायला शिकतात आणि शेजाऱ्याचं पाहून एखादी जुनी बोट त्यांच्याही दारात येते.

ट्रक मात्र मोठा नसतो. रोज ऑफिसला नेता येईल, पेट्रोल बेताचं पिईल आणि गॅरेजमध्ये मावेल असा लहान पिकअप घेतलेला असतो. फोर्डचा मॅव्हरिक किंवा रेंजर, टोयोटाचा टॅकोमा वगैरे. मग प्रश्न पडतो, ‘हा ट्रक ही बोट ओढेल का?’

ओढेल. आजचं इंजिन बरंच काही ओढतं. विचारायला हवं ते वेगळंच: मागून रेटा देणारं वजन हा ट्रक थांबवू शकेल का, वळणावर आणि उतारावर आवरू शकेल का? टोइंगमधले बहुतेक नियम याच प्रश्नाभोवती फिरतात.

जाहिरातीतला आकडा कुठून येतो?

मॅव्हरिक २०२२ च्या मॉडेलपासून बाजारात आहे. त्याची साधी आवृत्ती २,००० पौंड ओढू शकते, तर टोइंगचं खास पॅकेज घेतलेला टर्बो इंजिनचा मॅव्हरिक ४,००० पौंड. (एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम.) रेंजर २०१९ मध्ये अमेरिकी बाजारात परतला तेव्हा टोइंग पॅकेजसह त्याची क्षमता ७,५०० पौंड होती आणि पॅकेजशिवाय ३,५००. नाव तेच, रंग तोच, पण क्षमता निम्म्याहून कमी. म्हणून जुना ट्रक घेताना मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही. त्या विशिष्ट गाडीत कोणतं पॅकेज आहे ते पाहावं लागतं.

एकेकाळी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने ठरवत असे आणि त्यात चढाओढ चाले. आता एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं ‘जे२८०७’ हे मानक आहे. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते सर्वांत आधी स्वीकारलं, बाकीचे मागून आले. या चाचणीतला एक टप्पा अॅरिझोना राज्यातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर बेतलेला आहे. कडक ऊन, पूर्ण क्षमतेने चालणारा एसी आणि मागे ट्रेलर अशा अवस्थेत ट्रकने ठरावीक वेग राखत तो चढ पार करायचा. चाचणी कठीणच आहे. पण त्यात ट्रकमध्ये माणसं किती धरली आहेत? दोन. तीही प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची.

मराठी घरांचं गणित इथेच चुकतं. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आलेले असतात. नवरा-बायको, ते दोघं आणि एक मूल अशी पाच माणसं धरली तर ७०० पौंड सहज होतात. कूलर, पिशव्या, खुर्च्या, डबे यांचे २०० धरा. म्हणजे ट्रकमध्ये ९०० पौंड झाले. मानकाने त्यातले ३०० गृहीत धरले होते. वरचे ६०० ओढण्याच्या क्षमतेतून वजा होतात, कारण ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा कंपनीने घालून दिलेली असते. ढोबळ हिशेबाने ४,००० पौंडांचा ट्रक त्या दिवशी ३,४०० पौंडांचा झाला.

बोटीचं खरं वजन

आता बोटीकडे वळू. विक्रेत्याच्या पत्रकात ‘ड्राय वेट’ दिलेलं असतं. ते बहुतेकदा नुसत्या सांगाड्याचं असतं. अठरा फुटी फायबरग्लासच्या बोटीचं उदाहरण घेऊ. सांगाडा २,१०० पौंड. ११५ अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर सुमारे ३६५. तीस गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंडांच्या थोडं वर, म्हणजे १८५. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट आणि किरकोळ सामान २५०. ट्रेलर ९००. बेरीज ३,८०० पौंड. पत्रकातल्या २,१०० वर समाधान मानणाऱ्याला हे वजन पुढे थेट रस्त्यावर भेटतं.

४,००० पौंडांच्या मर्यादेत ही बोट कागदावर बसते. पण मघाची पाच माणसं ट्रकमध्ये असतील तर ती ४०० पौंडांनी जास्त होते. उपाय साधा आहे. आजी-आजोबांनी आणि सामानाने दुसऱ्या गाडीतून मागून यावं. त्यात मानापमानाचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे.

अंदाजापेक्षा काटा बरा. अमेरिकेत हायवेलगतच्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर मालमोटारींसाठी वजनकाटे असतात आणि थोडे पैसे भरून खासगी वाहनांनाही ते वापरता येतात. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन तिथे वेगवेगळं छापून मिळतं. बोट भरलेल्या अवस्थेत एकदा आणि नुसत्या ट्रकचं एकदा असं वजन केलं की सगळे आकडे हाती येतात. ते ट्रकच्या दारावरच्या स्टिकरशी ताडून पाहायचे. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते पौंडांत आणि किलोंत लिहिलेलं असतं.

टंग वेट: सगळ्यांत महत्त्वाचा आकडा

ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या मागच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जो भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. सर्वसाधारण नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे यावा. बोटींच्या ट्रेलरचे काही उत्पादक याहून थोडं कमी प्रमाण सांगतात. आपल्या ट्रेलरचं आणि ट्रकचं पुस्तक काय म्हणतं ते पाहून ठरवावं. आपल्या ३,८०० पौंडांच्या बोटीला हा भार ३८० च्या पुढे हवा.

एवढा अट्टाहास का? बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलू पाहतं आणि बैलांचा गाडीवरचा ताबा सुटतो. ट्रेलरचंही तेच होतं, फक्त वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. वजनाचा मध्य चाकांच्या पुढे असेल तर वाऱ्याच्या झोताने वाकडा झालेला ट्रेलर आपोआप सरळ होतो. मध्य मागे सरकला की उलट घडतं. ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि ठरावीक वेगाच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. मागचं वजन जवळजवळ ट्रकएवढंच असेल तर मग ट्रक ट्रेलरला नेत नाही, ट्रेलर ट्रकला नेतो.

भार फार झाला तरी वाईटच. ट्रकचं मागचं अंग खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक यांची पकड कमी होते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. शिवाय टंग वेट हा ट्रकवरचाच भार असल्यामुळे दारावरच्या स्टिकरच्या हिशेबात तोही धरायचा असतो. स्टिकरवर १,४०० पौंड असतील, आत माणसं आणि सामान ९०० आणि बॉलवर ४००, तर १,३०० झाले. हौद्यात आणखी चार पेट्या टाकायला जागा दिसते, पण वजनाला फारशी जागा उरलेली नसते.

बोटीची अडचण अशी की तिचं सगळ्यांत जड सामान, म्हणजे मोटर आणि बहुतेकदा पेट्रोलची टाकी, मागच्या टोकालाच असतं. त्यात बुडाशी पावसाचं किंवा तळ्याचं पाणी साचलं की तेही मागेच धावतं. पाणी गॅलनला ८.३ पौंड. पंचवीस गॅलन साचलं तर २०८ पौंड वाढले आणि ते मागे गेल्यामुळे टंग वेट घटला. म्हणजे वजन वाढतं आणि स्थैर्य कमी होतं, दोन्ही एकदम. निघण्यापूर्वी पाणी काढून टाकावं, नांगर, दोर, कूलर चाकांच्या पुढच्या बाजूला ठेवावेत. तरीही भार कमीच भरला तर ट्रेलरचा पुढचा थांबा सरकवून बोट पुढे घेता येते किंवा अॅक्सल मागे नेता येतो. हे काम मात्र जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

जोडणी: पाच मिनिटं सावकाश

बॉल तीन प्रचलित मापांत येतो: १ पूर्णांक ७/८ इंच, २ इंच आणि २ पूर्णांक ५/१६ इंच. ट्रेलरच्या कपलरवर कोणतं माप हवं ते कोरलेलं असतं. दोन इंची कपलर धाकट्या बॉलवर बसतो, कडीही लागते, सगळं ठीक दिसतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उसळून सुटतो. म्हणून कडी लावल्यावर ट्रेलरचा जॅक थोडा वर फिरवून बघतात. ट्रकचं मागचं अंगही सोबत उचललं गेलं तर पकड खरी.

सुरक्षा साखळ्या दोन असतात आणि त्या दांड्याखालून एकमेकींवर फुलीसारख्या ओलांडून लावायच्या. कपलर निसटलाच तर दांडा या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. साखळी जमिनीला घासेल इतकी सैल नको आणि वळताना ताणली जाईल इतकी घट्टही नको. दिव्यांची तार जोडून ब्रेकचे, वळणाचे आणि मागचे दिवे दुसऱ्या माणसाला मागे उभं करून तपासावेत. बोट ट्रेलरला पुढून विंचच्या पट्ट्याने बांधलेली असते, पण तेवढं पुरत नाही. पुढे एक वेगळी साखळी आणि मागे दोन्ही कोपऱ्यांना पट्टे हवेत, नाहीतर बोट ट्रेलरवर आपटत राहते.

थांबायचं कसं?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं सक्तीचं आहे. काही राज्यांत ही मर्यादा आणखी खाली आहे. लहान ट्रकसाठी कायद्याची वाट पाहू नये. बोटीच्या ट्रेलरला बहुधा ‘सर्ज ब्रेक’ असतात, कारण हा ट्रेलर दर फेरीत पाण्यात बुडतो आणि साध्या विजेच्या ब्रेकना ते मानवत नाही. सर्ज ब्रेकची युक्ती छान आहे. ट्रक हळू झाला की ट्रेलर मागून रेटतो. त्या रेट्याने कपलरमधला दट्ट्या दबतो आणि ब्रेकच्या तेलाचा दाब चाकांपर्यंत पोचतो. जितका रेटा, तितका ब्रेक. पण ट्रक मागे घेतानाही हाच दट्ट्या दबतो. म्हणून अशा ट्रेलरच्या प्लगला पाचवी तार असते. ती ट्रकच्या रिव्हर्स दिव्याला जोडलेली असते आणि मागे जाताना ब्रेक मोकळे ठेवते. चार तारांचा प्लग असलेल्या ट्रकला असा ट्रेलर जोडला तर चढावर मागे घेताना तो अडून बसतो.

ब्रेकवर सगळ्यांत मोठा ताण येतो तो वेगाने. ताशी ५५ मैलांऐवजी ७० मैलांनी गेलं तर वाहनातली गतिज ऊर्जा ६० टक्क्यांहून जास्त वाढते आणि थांबताना तेवढी सगळी ब्रेकना उष्णतेच्या रूपात बाहेर टाकावी लागते. कॅलिफोर्नियाने ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येक वाहनाला ५५ मैलांची मर्यादा घातली आहे. इतर राज्यांत नसली तरी ६० च्या आत राहणं शहाणपणाचं. उतारावर ब्रेकवर पाय दाबून बसण्याऐवजी उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा आणि ट्रकमध्ये ‘टो-हॉल’चं बटण असेल तर ते दाबावं.

आणि ट्रेलर डोलू लागला तर? अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ट्रकचा ब्रेक जोरात मारू नका. हेलकावे खोडण्यासाठी स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो विसरा. वेग उतरला की डोलणं थांबतं. मग सुरक्षित जागी थांबून वजन कुठे आहे ते पाहा, कारण दोष तिथेच असतो.

टायर आणि बेअरिंग

रस्त्याच्या कडेला अडकून पडलेल्या बोटी बहुतेक या दोन कारणांनी अडकतात. मिशिगनमध्ये ट्रेलर हिवाळाभर नुसता उभा असतो. टायरवरची नक्षी नवी दिसते, पण रबर जुनं होत असतं. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा संकेत असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली की ते टायर बदलण्याच्या यादीत घालावेत. हवा टायर गार असताना भरावी. कमी हवेचा टायर दुमडत चालतो, तापतो आणि फुटतो. ट्रेलरचा सुटा टायर आणि त्याच्या नटांना बसणारा पाना सोबत हवा, कारण ट्रकचा पाना त्याला बसेलच असं नाही.

बेअरिंगची गोष्ट आणखी बारीक आहे. तासभर धावून चाकाचा हब तापलेला असतो. तो तसाच थंड तळ्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की गंज आणि मग एके दिवशी हायवेवर चाकच निखळतं. रॅम्पवर पोचल्यावर हब गार होईपर्यंत थांबावं, वर्षातून एकदा ग्रीस बदलावं आणि वाटेत थांबल्यावर हबजवळ हात नेऊन पाहावं. एकाच चाकाचा हब इतरांपेक्षा खूप गरम असेल तर पुढे जाऊ नये.

रॅम्पवरची परीक्षा

पाण्यात उतरणारे सिमेंटचे रॅम्प साधारण १२ ते १५ टक्के उताराचे असतात. पाण्याच्या कडेला शेवाळ असतं. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग मुळात हलकं, त्यामुळे मागची चाकं तिथे घसरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रकची अवस्था त्याहून बिकट, कारण चढावर वजन मागे जातं आणि ज्या चाकांना ढकलायचं आहे तीच हलकी होतात. बोट वारंवार रॅम्पवर न्यायची असेल तर चारही चाकांवर चालणारा ट्रक घेणं योग्य.

रॅम्पवर येण्यापूर्वी बाजूच्या जागेतच तयारी उरकावी. मागचे पट्टे सोडावेत, सामान चढवावं, बुडाचा बूच लावावा, दिव्यांचा प्लग काढावा. विंचचा पट्टा मात्र बोट पाण्यात तरंगेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर बोट सिमेंटवर घसरते. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. हात ज्या बाजूला नेऊ, ट्रेलर त्याच बाजूला जातो. आखूड ट्रेलर पटकन वळतो, म्हणून हालचाल थोडी आणि सावकाश. मुलं आणि आजी-आजोबा ट्रकमधून आधीच उतरलेले असावेत, ड्रायव्हरने खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि सीटबेल्ट सोडावा. ट्रक सोडून उतरायचंच झालं तर हँडब्रेक ओढून चाकांना ओंडका लावल्याशिवाय नाही.

परतताना एक काम कायद्याने बांधलेलं आहे. डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा मसल हा परदेशी शिंपला सापडला आणि तिथून तो तळ्यातळ्यांत पसरला. बोटीत उरलेलं थोडंसं पाणीही त्याच्या अळ्यांना प्रवासाला पुरतं. म्हणून मिशिगनमध्ये २०१९ पासून रस्त्यावर येण्यापूर्वी बूच काढून पाणी सोडणं आणि चिकटलेल्या वनस्पती काढणं सक्तीचं आहे. या कायद्यामुळे तळं वाचतं आणि मघाचे २०८ पौंडही उतरतात.

लहान पिकअपने बोट ओढणं धोक्याचं नाही, हिशेब न करता ओढणं धोक्याचं आहे. बोट घेतल्यावर तीन आकडे कागदावर लिहून ट्रकच्या खणात ठेवा: भरलेल्या ट्रेलरचं काट्यावरचं वजन, टंग वेट आणि दारावरच्या स्टिकरची मर्यादा. पहिल्या सहलीआधी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर मागे घेण्याचा सराव करा. आकडे जुळत नसतील तर बोट तळ्याकाठच्या मरीनात भाड्याने ठेवा किंवा टोइंगची परवानगी असलेला मोठा ट्रक दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या. दोन्हींचा खर्च एका अपघातापेक्षा कमीच असतो.